जामखेड : वेशीपर्यंत चालत गेलेला दवाखाना

१९६०च्या दशकात नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे तरुण दांपत्य काम करत होतं. हगवणीनं सुकलेलं मूल बरं होऊन घरी जाई आणि काही दिवसांनी तेच दुखणं घेऊन परत येई. घरचं पाणी तेच, ताटातलं अन्न तेवढंच. दुखण्याचं मूळ गावात आहे, हे दोघांनी तिथं ओळखलं. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन ते परतले आणि १९७०मध्ये जामखेडला आले.

जामखेड म्हणजे बीडच्या सीमेवरचा अवर्षणप्रवण तालुका. पाठोपाठ ७२चा दुष्काळ पडला. माणसं खडी फोडायला गेली, विहिरी आटल्या. लोकांनी औषधाआधी पाणी मागितलं, तेव्हा या दांपत्याच्या आरोग्य प्रकल्पानं बोअर घेतले. हातपंप दलित वस्तीतच बसावा, असा आरोळ्यांचा आग्रह असे. मग पाटलाच्या घरची घागरही त्या वस्तीत येऊ लागली आणि पंपाच्या एकाच दांड्याला साऱ्या गावाचे हात लागले. जामखेडच्या इतिहासातलं मला सर्वांत मोलाचं वाटणारं पान हेच.

शिकलेल्या नर्स खेड्यात रमेनात, तेव्हा गावांनी आपल्यातल्याच बायका निवडून दिल्या. त्यांतल्या कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित. त्या जामखेडला येऊन शिकायच्या आणि शिकलेलं गावात घरोघर सांगायच्या. बाळंतपणात हात आणि ब्लेड कसं निर्जंतुक करायचं, हगवण लागलेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं, लसीची तारीख कशी चुकू द्यायची नाही, हे सारं त्यांना तोंडपाठ झालं. डॉक्टरांनी आपलं ज्ञान हातचं न राखता वाटून टाकलं. या दवाखान्याचं खरं मोठेपण मला त्यातच दिसतं.

सुरुवातीला या गावांत जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी १७६ पहिल्या वाढदिवसाआधीच दगावत. १९७६पर्यंत हा आकडा ५२वर आला. १९७८मध्ये आल्मा-आटाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा झाला, तोवर जामखेडचं काम जगाच्या नजरेत भरलं होतं. १९७९मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे २००५पासून देशात ‘आशा’ आरोग्य कार्यकर्त्या नेमल्या जाऊ लागल्या. गावातल्याच बाईच्या हाती गावाचं आरोग्य सोपवण्याची ती वाट जामखेडनं कितीतरी आधी मळवली होती.

मेबलताई १९९९मध्ये गेल्या, रजनीकांत २०११मध्ये. प्रकल्प त्यांच्यामागेही चालू राहिला. एखाद्या घरी आई आपल्या पोराला चमच्या-चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी पाजते, पोर डोळे उघडतं आणि दवाखान्याची वाट धरावीच लागत नाही. वडाळ्याला पुन्हा पुन्हा परत येणाऱ्या त्या मुलासाठीच तर हा सारा खटाटोप होता.