पदवीच्या वाटेवरील पहिला मुक्काम
लेखांक चौथा

श्रेयांकपद्धतीची मूलतत्त्वे गेल्या लेखांकात पाहिली. आता यवतमाळ, पुसद, वणी किंवा दारव्हा येथे कला शाखेची पहिली दोन वर्षे पुरी करून पुढील शिक्षणासाठी नागपूर, पुणे वा मुंबईच्या विद्यापीठात जाण्याचा मनसुबा ज्यांनी केला आहे, त्यांनी या दोन वर्षांची आखणी कशी करावी, याचा विचार करू.

ही वाट आपल्याला अगदीच अपरिचित आहे असे नाही. मॅट्रिकनंतर दोन वर्षांनी इंटर आर्ट्सची परीक्षा द्यावयाची आणि त्यानंतरची दोन वर्षे बी. ए.साठी, प्रसंगी दुसऱ्या गावी जाऊन, खर्च करावयाची, हा क्रम मागच्या पिढ्यांच्या अंगवळणी पडलेला होता. अमेरिकेत १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे सार्वजनिक ज्युनियर कॉलेज निघाले आणि घराजवळ दोन वर्षे शिकून सुमारे ६० श्रेयांकांची ‘असोसिएट’ पदवी घ्यावी व मग विद्यापीठात जावे, अशी परंपरा तेथे हळूहळू रुजली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अन्वये आपल्याकडेही दुसऱ्या वर्षाअखेर पदविका घेऊन थांबण्याची आणि पुन्हा परतण्याची तरतूद झाली असून, महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत हे धोरण २०२४-२५ पासून लागू झाले आहे.

प्रथम हिशेब पाहू. एका सत्राचे २० ते २२ श्रेयांक धरले, तर दोन वर्षांचे ८० ते ८८ होतात. पदविका घेऊन बाहेर पडावयाचे असल्यास व्यवसायाभिमुख अभ्यासक्रमाचे वा प्रशिक्षणाचे आणखी ४ श्रेयांक मिळवावे लागतात. बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला तीन वर्षांच्या आत परत येता येते, आणि पदवी एकंदर सात वर्षांच्या मुदतीत पुरी करावी लागते. येथपर्यंत सारे सरळ आहे. परंतु विद्यार्थ्याने मिळविलेले श्रेयांक जिथे जमा होतात, त्या श्रेयांक बँकेच्या २०२१ च्या विनियमांत अशीही अट आहे, की पदवी देणाऱ्या संस्थेतून निदान निम्मे श्रेयांक मिळविलेले असावेत. तीन वर्षांच्या १३२ श्रेयांकांपैकी ८८ येथील महाविद्यालयांत, म्हणजे अमरावती विद्यापीठाच्या कक्षेत, मिळविले, तर नव्या विद्यापीठासाठी उरतात अवघे ४४, म्हणजे एकतृतीयांश. मात्र चार वर्षांच्या ऑनर्स पदवीच्या १७६ श्रेयांकांत ८८ आणि ८८ अशी नेमकी निम्मी वाटणी होते. म्हणून दोन वर्षांनंतर विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्याने चार वर्षांच्या ऑनर्सचाच विचार आधी करावा, आणि तेथे तिसऱ्या वर्षाला जागा आहेत काय व आपले श्रेयांक ग्राह्य धरले जातील काय, याची लेखी विचारणा दुसऱ्या वर्षाच्या आरंभीच करावी.

विषयांची निवड ही त्याहून नाजूक बाब होय. झरी-जामणी तालुक्यातील एखादी विद्यार्थिनी अर्थशास्त्र हा मुख्य विषय घेऊन शिकत आहे, अशी कल्पना करा. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतून घेणे तिला बंधनकारक आहे; मैत्रिणींनी घेतला म्हणून ती सोपासा विषय घेईल, तर श्रेयांक पदरात पडतील खरे, पण तिसऱ्या वर्षी अर्थमितीचा तास सुरू झाला म्हणजे सांख्यिकीचा पाया कच्चा राहिल्याचे तिच्या ध्यानात येईल. तेच श्रेयांक तिने गणित वा सांख्यिकीच्या उपलब्ध विषयांत मिळविले, तर नव्या विद्यापीठात ती आत्मविश्वासाने उभी राहील. म्हणजे ज्या विद्यापीठात जावयाचे त्याचा तिसऱ्या वर्षाचा अभ्यासक्रम पहिल्याच सत्रात मिळवून वाचावा आणि तेथून मागे येत येत आजची निवड करावी, हे या साऱ्या आखणीचे सूत्र आहे.

कागदपत्रांविषयी थोडक्यात सांगतो. श्रेयांक बँकेचे खाते प्रवेशाच्या वेळीच उघडावे आणि प्रत्येक निकालानंतर श्रेयांक तेथे जमा झाले की नाहीत, हे स्वतः पाहावे. टी. सी., मायग्रेशन, गुणपत्रिका, जातीचा दाखला व जातवैधता प्रमाणपत्र यांची तजवीज उन्हाळ्यापूर्वी करावी. पैशाचीही तीच गोष्ट. प्रवेशाचे दिवस आणि पेरणीचे दिवस आपल्याकडे एकाच वेळी येतात, आणि घरातली रोकड बी-बियाण्यांत व खतांत गुंतलेली असते. म्हणून प्रवेशशुल्काची व वसतिगृहाच्या अनामतीची रक्कम कापूस विकला जातो त्या हिवाळ्यातच बाजूला काढून ठेवणे शहाणपणाचे ठरते.

मध्ये थांबण्याची मुभा ही मोठी सोय आहे, विशेषतः ज्या घरात एका नापिकीने शिक्षण खंडित होते त्या घरासाठी. पण शहरातील मुलांनी चार वर्षे शिकावे आणि आमच्या जिल्ह्यातील मुलांनी दोन वर्षांच्या पदविकेवर समाधान मानावे, असा या सोयीचा परिणाम होऊ लागला, तर समतेच्या नावाने विषमताच दृढ होईल. विद्यार्थ्याबरोबर बसून त्याच्या पुढच्या दोन वर्षांचा आराखडा कागदावर उतरविणे, हे म्हणूनच प्रत्येक महाविद्यालयीन अध्यापकाने आपले कर्तव्य मानले पाहिजे.

पुढील लेखांकात शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे यांचा विचार करू.