फांदी तुकोगंजची, धग बॉयलरला

पावसाळा तोंडावर आला की इंदूरच्या साउथ तुकोगंजमध्ये नाथ मंदिराच्या बाजूच्या गल्ल्यांत विजेच्या तारांना टेकलेल्या कडुलिंबांची छाटणी सुरू होते. एका फांदीला जुन्या गणेशोत्सवातल्या रोषणाईची तार करकचून आवळलेली होती, साल तिच्यावरून वाढून आली होती. ट्रॉलीजवळच्या मजुराने पक्कड घेऊन ती तुकड्या-तुकड्याने उपसली. "माताजी, झाडाला तार बांधू नका," तो फाटकातल्या आजींना म्हणाला, "तिकडे मशीनचं पातं जातं."

तिकडे म्हणजे बिचोली हप्सी. तिथे महापालिकेची 55 हजार चौरस फूट जागा आणि खासगी कंपनीची यंत्रे, असा भागीदारीतला हिरव्या कचऱ्याचा प्रकल्प 2025 मध्ये जाहीर झाला. इंदूरमध्ये रोज सुमारे 30 टन लाकूड, फांद्या, पाने, फुले निघतात; पानगळीत हा आकडा 60-70 टनांवर जातो. लाकूड आणि फांद्यांसाठी कंपनीने पालिकेला टनामागे सुमारे 3,000 रुपये द्यायचे, असा करार आहे. देवगुराडियाला 2022 पासून रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याची सोय आहेच; आता झाडांच्या कचऱ्यालाही गिऱ्हाईक मिळाले.

या कचऱ्याचे इंधन करण्यात खरे काम वाळवणीचे आहे. ताज्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असते, म्हणून जाड फांद्या तीन-चार महिने वाळू द्याव्या लागतात. मग ढलप्या, ढलप्यांचा भुसा, आणि तो भुसा पोलादी साच्याच्या बारीक भोकांतून प्रचंड दाबाने बाहेर. दाबाच्या उष्णतेने लाकडातलेच लिग्निन मऊ होते आणि भुसा सांधते. वेगळा डिंक लागत नाही. बाहेर पडतात त्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, चकचकीत, गरम कांड्या. भुसा ओलसर राहिला तर त्या हातातच भुगा होतात. निवल्यावर पोती भरायची की माल कारखान्यांच्या बॉयलरसाठी तयार. औष्णिक वीज केंद्रांनाही कोळशात काही टक्के जैवइंधन मिसळण्याचे बंधन आहे, त्यामुळे मागणी वाढणारच.

मला काळजी वाटते ती याच मागणीची. छाटणीचे लाकूड भट्टीत जाणे योग्यच. उघड्यावर कुजण्यापेक्षा किंवा कोपऱ्यात पेटवून धूर करण्यापेक्षा शंभर पटींनी बरे. पण यंत्राची भूक भागवायला उद्या छाटणीच्या नावाखाली उभे झाड बोडके होता कामा नये. आणि पाचोळा शक्यतो बागेतच जिरावा. त्यातले अन्नद्रव्य मातीचे आहे, भट्टीत त्याची नुसती राख होते.

तुकोगंजकरांनो, फांद्या देताना त्यात पिशव्या, दोऱ्या, कुंड्यांचे तुकडे घालू नका. आणि येत्या गणपतीत रोषणाईची तार खांबाला बांधा, कडुलिंबाला नको.