निरोपाची पोच

3 एप्रिल 2024. पहाटे चारचा सुमार. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात एका इमारतीत तळमजल्यावरच्या टेलरिंगच्या दुकानाला आग लागली. वरच्या मजल्यावर राहणारे एकाच कुटुंबातले सात जण त्यात गेले. त्यांत दोन लहान मुलं होती. ज्वाळा त्यांच्या मजल्यापर्यंत गेल्याच नव्हत्या. ते धुराने गुदमरून गेले.

त्याच्या तीनच महिने आधी, 31 डिसेंबर 2023च्या पहाटे, वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली होती. कामगार आतच झोपलेले होते. काही जण कसेबसे बाहेर पडले, सहा जण राहिले.

याच शहराने 2016च्या दिवाळीत आणखी एक आग पाहिली. औरंगपुऱ्यात जिल्हा परिषदेच्या मैदानावरची फटाक्यांची दुकानं ओळीने पेटली. मैदानातली आग सगळ्यांना एकाच वेळी दिसते आणि माणूस कोणाच्या सांगण्याची वाट न पाहता पळतो. इमारतीतली आग आधी एकालाच दिसते. बाकीच्यांना ती कळेल की नाही, हे त्या एकाच्या निरोपावर ठरतं. भिंती, दारं, मजले आणि झोप ओलांडून तो निरोप धुराच्या आधी पोचावा लागतो.

हा लेख त्या निरोपाच्या व्यवस्थेविषयी आहे. बंब, होजपाइप, स्प्रिंकलर यांच्याबद्दल आपण बोलतो, त्यांच्यापुढे उभे राहून फोटोही काढतो. पण इमारतीतल्या आपत्कालीन पथकाला शेवटपर्यंत एकमेकांच्या संपर्कात ठेवणारी यंत्रणा फारशी कोणाच्या नजरेत येत नाही. माझ्या मते इमारतीच्या सुरक्षेचं खरं मोजमाप तिथेच होतं.

मोठ्या इमारतीत या यंत्रणेचं घर म्हणजे फायर कमांड रूम. ती बहुधा तळमजल्यावर, प्रवेशद्वाराजवळ असते, म्हणजे बाहेरून आलेल्या फायरमनला शोधत फिरावं लागत नाही. आत अलार्मचं पॅनेल असतं. कुठल्या मजल्यावरचा डिटेक्टर बोलला, कोणी भिंतीवरची लाल डबी फोडली, हे त्यावर दिसतं. शेजारी घोषणेसाठी पीए सिस्टीमचा माइक आणि टॉकबॅकचा फोन असतो. प्रत्येक मजल्यावर जिन्याजवळ त्याचा जोडीदार असतो. तिथला रिसीव्हर उचलला की थेट कमांड रूममध्ये घंटा वाजते, नंबर फिरवावा लागत नाही.

राष्ट्रीय इमारत संहितेच्या 2016च्या आवृत्तीचा चौथा भाग आग आणि जीवसुरक्षेला वाहिलेला आहे. 15 मीटर किंवा त्याहून उंच इमारत संहितेच्या लेखी उंच इमारत ठरते. अशा इमारतींसाठी संहितेने नुसती यंत्रं सांगितली नाहीत, माणसंही सांगितली. मजल्यामजल्यावर फायर वॉर्डन, त्याचा उपवॉर्डन आणि सगळ्यांवर जबाबदार अधिकारी अशी ती रचना आहे. पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी आणि पुढे दर सहा महिन्यांनी ड्रिल घ्यावं, असंही ती सांगते. यंत्र भिंतीवर टिकतं, पण नोकरी बदललेला वॉर्डन त्या मजल्यावर टिकत नाही, म्हणून हे अंतर ठरवलेलं आहे.

टॉकबॅकची साथ असली तरी मजले तपासत फिरणाऱ्याच्या हातात वॉकी-टॉकीच लागते. मोबाइलवर अशा वेळी भिस्त ठेवता येत नाही. सगळी इमारत एकाच क्षणी घरी फोन लावू लागते आणि टॉवर कोंडतो. सुरक्षेसाठी मुख्य वीजपुरवठा तोडला की बॅकअप नसलेले इंटरकॉम आणि वायफाय दोन्ही गप्प होतात. व्हॉट्सअॅप ग्रुपवरचा निरोप कोणी वाचला आणि कोणी नाही, हे मोजायला तेव्हा सवड नसते.

वॉकी-टॉकीचीही स्वतःची शिस्त आहे. या सेटवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. दुसऱ्याने त्याच क्षणी बटण दाबलं तर दोघांचंही बोलणं नासतं. कमरेच्या पट्ट्यात सेट दबला आणि बटण आत राहिलं तर सगळा चॅनेल अडतो आणि पथकाला कळतही नाही की कोणामुळे. म्हणून सेट कुठे लावायचा हेसुद्धा शिकवावं लागतं.

एक बारकावा तर मराठी बोलणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलायचं असतं. घाईत बोललं की पहिला शब्द कापला जातो. ‘पूर्वेचा जिना बंद’ असा निरोप असेल तर पलीकडे ‘जिना बंद’ एवढंच पोचतं आणि वॉर्डन चांगल्या जिन्यावरूनही माणसं परत फिरवतो. बोट लवकर सुटलं की शेवटचा शब्द जातो, आणि मराठीत नकार तर वाक्याच्या शेवटीच येतो. ‘खाली उतरू नका’ यातला ‘नका’ गेला की उरलेला निरोप माणसं धुरात नेऊन सोडतो. म्हणून चांगला पथकप्रमुख नकार टाळतो. ‘उतरू नका’ ऐवजी तो ‘जागेवर थांबा’ म्हणतो. ‘पूर्वेकडून जाऊ नका’ ऐवजी ‘पश्चिमेचा जिना घ्या’ म्हणतो. अर्धवट पोचलं तरी उलटं पोचणार नाही, असं वाक्य निवडणं हीच या कामातली कला आहे.

दुसरा नियम पोचेचा. निरोप मिळाला की ‘हो’ म्हणून भागत नाही, तो जसाच्या तसा परत म्हणायचा असतो. ‘चौथा मजला, पश्चिम जिना, दोन जण अडकले.’ पलीकडून: ‘चौथा मजला, पश्चिम जिना, दोन जण. ऐकलं.’ परत न म्हटलेला निरोप दिलाच नाही असं धरायचं. सरकारी कचेरीत अर्जाची पोच घेतल्याशिवाय आपण खिडकी सोडत नाही. जिवाचा निरोप मात्र पोच न घेता सोडून देतो.

काँक्रीट आणि लोखंड रेडिओलहरी अडवतात. तळघर, लिफ्टचा खड्डा, जिन्याचा आतला कोपरा या जागी सेट मुका होतो. अशा जागा आधीच शोधून ठेवाव्या लागतात. एकाने कमांड रूममध्ये बसायचं, दुसऱ्याने प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक वळणावर थांबून मजल्याचा आकडा सांगायचा. जिथून उत्तर येत नाही तिथे भिंतीवर खूण करायची. मग तिथे रिपीटर बसवायचा, लहरी झिरपवणारी केबल टाकायची, की टॉकबॅकचा जास्तीचा फोन लावायचा, हे ठरवता येतं.

यंत्र असूनही घात होतो, याचा मोठा धडा न्यूयॉर्कचा आहे. वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये फायरमनच्या रेडिओसाठी रिपीटर बसवलेला होता. 11 सप्टेंबर 2001 रोजी त्याचं एक बटण दाबलं गेलं, दुसरं राहून गेलं. उत्तर टॉवरच्या लॉबीतल्या अधिकाऱ्यांना वाटलं, तो बंद पडलाय. दक्षिण टॉवर कोसळल्यावर उत्तर टॉवरमधल्या जवानांना माघारी येण्याचा आदेश दिला गेला, पण तो कित्येकांना ऐकूच आला नाही. त्या दिवशी अग्निशमन दलाचे 343 जण गेले. चौकशी आयोगाने हा संपर्काचा दोष सविस्तर नोंदवून ठेवला आहे.

आपल्याकडचा धडा दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाचा. 13 जून 1997. तळमजल्यावर ट्रान्सफॉर्मर पेटला, धूर बाल्कनीत चढला, आणि प्रेक्षकांना बाहेर पडा असं सांगणारी घोषणा झाली नाही. 59 जण गेले.

छत्रपती संभाजीनगरपुरता विचार केला तर घोषणेच्या भाषेचा प्रश्नही येतो. हे मराठी, दखनी आणि हिंदी एका दमात बोलणारं शहर आहे. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या वसाहतींत बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले कामगार आहेत. घाटी रुग्णालयात मराठवाड्यातल्या गावागावांतून रुग्ण येतात, आणि त्यांच्यासोबत ती इमारत कधीच न पाहिलेले नातेवाईक. त्यांना इंग्रजीतली ध्वनिमुद्रित सूचना काय सांगणार? आधी मराठी, मग हिंदी, छोटी वाक्यं, ओळखीच्या खुणा: ‘मेडिकलच्या बाजूचा जिना’, ‘झाडाखालचं गेट’. ‘एक्झिट नंबर तीन’ रोज तिथे काम करणाऱ्यालाही चटकन आठवत नाही.

रुग्णालयात तर सगळ्यांना एकदम बाहेर काढता येत नाही. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 रोजी नवजात बालकांच्या कक्षात आग लागून 10 बाळं गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागाला आग लागली. जो चालू शकत नाही, ज्याचा श्वास यंत्रावर आहे, त्याला आधी त्याच मजल्यावरच्या सुरक्षित भागात सरकवावं लागतं. त्यासाठी आगीचा इशारा देणारे ‘कोड रेड’ हे दोन शब्द सगळ्या कर्मचाऱ्यांना एकाच क्षणी कळावे लागतात, आणि त्यांच्यासोबत पुढचंही: कुठला वॉर्ड, किती खाटा, ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह कोण बंद करणार.

शेवटचा निरोप मोजणीचा. असेंब्ली पॉइंटवर हजेरी होते आणि किती उतरले, किती राहिले हे बंबासोबत आलेल्या अधिकाऱ्याला सांगावं लागतं. मुंबईत 21 जून 2012 रोजी मंत्रालयाला आग लागली आणि पाच जण गेले. त्यांत कामासाठी आलेले अभ्यागतही होते. अभ्यागताचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नसतं. म्हणून गेटवरचं रजिस्टर हातात घेऊनच सिक्युरिटीने बाहेर पडायचं असतं. आणि तपासलेल्या खोलीच्या दारावर खडूची फुली मारायची असते, म्हणजे दुसरा वॉर्डन तीच खोली पुन्हा शोधत बसत नाही. सेट बंद पडला तर प्रत्येक मजल्याचा एक निरोप्याही आधीच नेमलेला असावा लागतो.

ही शिस्त आपल्याला परकी मुळीच नाही. आळंदीहून निघणाऱ्या पालखी सोहळ्यात संध्याकाळी समाज आरती होते. चोपदार दंड उंचावतात आणि टाळांचा कल्लोळ एकदम थांबतो. ज्या दिंडीची काही अडचण असेल ती टाळ वाजवत राहते. चोपदार तिकडे जातात, म्हणणं ऐकतात, मग हरवलं-सापडलं सांगितलं जातं. हजारोंच्या गर्दीत आधी शांतता, मग ज्याला गरज आहे त्याचाच आवाज, मग सगळ्यांना एक निरोप. वाळूजजवळच्या छोट्या पंढरपूरला आषाढीत पायी जाणाऱ्या शहराला हे वेगळं सांगायला नको. रेडिओवरची शिस्तही हीच आहे.

कायद्याची बाजू स्वच्छ आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे जबाबदारी मालकाची किंवा वापर करणाऱ्याची. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून द्यावं लागतं. पण माणूस माणसाला नीट ऐकू येतो का, याचं प्रमाणपत्र कुठलीही एजन्सी बाहेरून आणून देऊ शकत नाही. ते इमारतीतल्या लोकांनीच सरावाने मिळवायचं असतं.

म्हणून एक विनंती. तुम्ही सोसायटीचे सचिव असाल, कारखान्यातले सुपरवायझर असाल, शाळेचे मुख्याध्यापक असाल, वॉर्डातल्या सिस्टर असाल, तर पुढच्या मॉक ड्रिलमध्ये बाहेर पडायला किती मिनिटं लागली एवढंच मोजून थांबू नका. तळघरातून गच्चीवर एक निरोप पाठवा आणि तो जसाच्या तसा परत येतो का ते ऐका. रात्रपाळीच्या वॉचमनलाही त्यात घ्या, कारण सुरुवातीला सांगितलेल्या, इमारतींतल्या दोन्ही आगी पहाटेच्या होत्या. 101 आणि 112 हे आकडे त्याच्या टेबलासमोर मोठ्या अक्षरात लावा. आणि पोच आली नाही तर ते ड्रिल नापास समजून पुन्हा घ्या.