मॉरिटानियाचे आगवाले

मॉरिटानिया या प्रवासी बोटीचा लौकिक वेगाचा. १९०९ साली तिने अटलांटिक महासागर पश्चिमेकडे साडेचार दिवसांच्या आत पार केला, आणि तो विक्रम पुढे वीस वर्षे टिकला. त्याचे सगळे श्रेय इंजिनाच्या पदरात टाकण्याची रीत आहे. मला ते अर्धेच पटते.

इंजिन नवलाचे होते, यात वाद नाही. १८९७ साली स्पिटहेडच्या आरमारी संचलनात अभियंता चार्ल्स पार्सन्सने वाफेच्या टर्बाइनवर चालणारी आपली चिमुकली ‘टर्बिनिया’ बड्या युद्धनौकांच्या रांगांमधून भरधाव पळवली, तेव्हापासून टर्बाइनचा बोलबाला झाला. जर्मन बोटींनी वेगात मागे टाकलेल्या क्युनार्ड कंपनीला ब्रिटिश सरकारने स्वस्त कर्ज दिले. अट अशी, की युद्ध झाले तर बोटी आरमाराच्या कामी याव्यात. त्यातून लुसिटानिया आणि मॉरिटानिया या टर्बाइनवर चालणाऱ्या बहिणी जन्मल्या. मॉरिटानिया टाइन नदीकाठी वॉल्सएंडला बांधली गेली आणि नोव्हेंबर १९०७ मध्ये लिव्हरपूलहून न्यूयॉर्कच्या पहिल्या सफरीवर निघाली. लांबी ७९० फूट, पंखे चार. टर्बाइन उलटी फिरत नाही, म्हणून बोट मागे घ्यायला वेगळ्या टर्बाइन बसवाव्या लागल्या.

पण टर्बाइनला लागते वाफ, आणि वाफ माणसे करत होती. पंचवीस बॉयलर, त्यांना १९२ भट्ट्या, रोजचा कोळसा हजार टनांच्या घरात. तो ओढायला आणि जाळायला तीनशेहून जास्त माणसे. म्हणजे माणशी रोज तीन टन! चार तास काम, आठ तास सुट्टी, की पुन्हा चार तास. कोळसेवाले कोठारांतून ढकलगाड्या भरून आणत. कोठारे बोटीच्या दोन्ही कुशींना होती. एकाच बाजूचा कोळसा उपसला तर बोट कलायची, त्यामुळे तोल राखणे हेही त्यांच्याच गळ्यात. आगवाल्याचे काम नुसते फावडे मारण्याचे नव्हते. कोळसा जाळीवर सारखा पसरायचा, लांब सळईने थर फोडायचा, राख आणि खंगर ओढून काढायचे. आणि भट्टीचे दार उघडे असेतो गार हवा आत जाऊन वाफेचा दाब उतरणार, म्हणून हे सगळे झटपट. समुद्र खवळला की पायाखालची जमीन डोलायची. फावड्याचा नेम मात्र चुकून चालत नसे.

वर अक्रोड आणि महोगनीच्या लाकडाने मढवलेली दालने होती. पण कंपनीच्या गल्ल्यात मोठी भर पडे ती तिसऱ्या वर्गातल्या हजारभर उतारूंच्या तिकिटांतून. न्यूयॉर्कला पहिल्या-दुसऱ्या वर्गाची तपासणी बोटीवरच उरके. तिसऱ्या वर्गाला, म्हणजे मुख्यतः स्थलांतरितांना, तपासणीसाठी एलिस बेटाची वारी चुकत नसे.

पहिल्या महायुद्धात लुसिटानिया पाणतीराने बुडाली. मॉरिटानिया सैनिक वाहत, काही काळ इस्पितळ होऊन तगली. १९२१ साली साउथॅम्प्टनच्या बंदरात तिच्यात आग लागली, आणि दुरुस्तीबरोबरच कंपनीने तिच्या भट्ट्या तेलावर आणल्या. नळ फिरवला की आग. राख नाही, ढकलगाडी नाही. आगवाल्यांचा ताफा थोड्यांवर आला. त्या कामातून माणूस सुटला हे चांगलेच झाले, पण सुटला तो नोकरीतूनही. १९२४ च्या अमेरिकी कायद्याने स्थलांतरितांची दारे जवळजवळ बंद केली, तेव्हा तिसरा वर्गही ओस पडू लागला.

१९२९ च्या जुलैत जर्मनीच्या ‘ब्रेमेन’ने विक्रम हिसकावला. मग बावीस वर्षांच्या या म्हातारीने जिद्दीने स्वतःचीच जुनी वेळ मोडली. मानाचा किताब काही परत मिळाला नाही, पण हा पराक्रम मला मूळ विक्रमाहून मोठा वाटतो.

पुढे पांढरा रंग चढवून तिला सहलींना जुंपले. १९३४ साली ती निवृत्त झाली, १९३५ साली रोसाइथला भंगारात गेली. त्याआधी साउथॅम्प्टनला तिच्या सामानसुमानाचा लिलाव झाला, आणि वरच्या दालनांतल्या कोरीव फळ्या हौशी लोकांनी उचलल्या. त्यांतल्या काही ब्रिस्टलच्या एका मद्यालयाच्या भिंतींवर लागल्या. भट्ट्यांवर मात्र कुणी बोली लावली नसावी.