हो, नाही आणि कोरा रकाना

डेटाबेसची तोंडओळख : भाग ७

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर पीक पाहणी शेतकरी स्वतः मोबाइलवरून नोंदवू लागले. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये पीक नोंदवण्याची सोय आहे, तशीच ‘चालू पड’ आणि ‘कायम पड’ नोंदवण्याचीही आहे. ही दुसरी सोय मला फार मोलाची वाटते. पारनेर, पाथर्डीकडे पावसाने ओढ दिली की रानं पडीक राहतात. ‘मी पेरलं नाही’ असं शेतकऱ्याने सांगणं वेगळं आणि त्याने काहीच न नोंदवणं वेगळं. पहिल्यात माहिती मिळते, दुसऱ्यात माहितीच नसते.

मागच्या भागात आपण तारखा कशा साठवतात ते पाहिलं. आज हो-नाहीचा रकाना, म्हणजे बूलियन. जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात तर्काचं बीजगणित मांडलं, त्यावरून हे नाव आलं.

समजा, संगमनेरच्या डिप्लोमाच्या मुलांनी गावासाठी छोटी वेबसाइट केली. टेबलात गट नंबर आणि शेजारी एकच प्रश्न : पेरा झाला का? वेबसाइट बांधण्याचं फ्रेमवर्क जँगो असो वा रेल्स, कोडमध्ये लिहायचं फक्त ‘बूलियन’. डेटाबेसमध्ये काय उतरतं, ते मात्र डेटाबेसवर ठरतं.

पोस्टग्रेसकडे खरा बूलियन प्रकार आहे. एका बाइटचा, आणि त्यात खरं-खोटं सोडून दुसरं काही बसत नाही. मायएसक्यूएलमध्ये बूलियन हे नुसतं टोपणनाव आहे, आत तयार होतो ‘टायनीइंट’ म्हणजे छोट्या पूर्णांकाचा रकाना. एसक्यूलाइटमध्येही ० आणि १ हे आकडेच. ऑरॅकलच्या टेबलात तर २०२३ पर्यंत बूलियन रकाना करताच येत नसे, त्यामुळे जँगो तिथे एक अंकी संख्येचा रकाना करून ‘० किंवा १च’ अशी अट घालत आला आहे. हे फरक झाकणं हेच फ्रेमवर्कचं काम, आणि एरवी ते चोख होतं.

पण मायएसक्यूएलच्या त्या रकान्यात -१२८ ते १२७ पर्यंत काहीही मावतं. एक्सेलमधून जुनी यादी भरताना कुणी ‘नाही’साठी २ टाकला, तर डेटाबेस अडवत नाही. रेल्स तो २ वाचून ‘हो’ समजतं आणि पडद्यावर पेरा झालेला दिसतो. मग ‘पेरा झालेले गट मोजा’ म्हटलं की शोध १ चाच होतो आणि तोच गट गळतो. पडद्यावर एक, बेरजेत दुसरंच. अशी चूक महिनोन् महिने सापडत नाही.

रेल्सचं स्वतःचं उदाहरणही जाणून घेण्यासारखं आहे. एसक्यूलाइटमध्ये हो-नाही साठवताना ते पूर्वी ‘टी’ आणि ‘एफ’ ही अक्षरं लिहीत असे. २०१८ मध्ये आलेल्या ५.२ आवृत्तीपासून १ आणि ० हा मार्ग धरला गेला. ज्यांनी जुन्या ओळी बदलून न घेता नवी पद्धत चालू केली, त्यांच्या शोधात त्या ओळी येईनाशा झाल्या. माहिती जागेवरच होती, पण विचारण्याची भाषा बदलली होती.

पोस्टग्रेस याबाबत कडक आहे. मायएसक्यूएलवरून तिकडे जाताना हाताने लिहिलेल्या क्वेरीत ‘पेरा = १’ असं राहून गेलं, तर बूलियनची तुलना आकड्याशी होत नाही म्हणून ती थेट त्रुटी देते. विद्यार्थी वैतागतात, पण चूक पहिल्याच दिवशी ओरडून सांगणारा डेटाबेस मला गप्प बसणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा वाटतो.

आता कोऱ्या रकान्याकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. एसक्यूएलमध्ये हो, नाही आणि ‘नल’ म्हणजे अज्ञात, अशी तीन उत्तरं असतात. ‘पेरा न झालेले गट दाखवा’ अशी क्वेरी लिहिली, तर कोरे गट त्यात येत नाहीत. ‘झालेले’ विचारले तरी येत नाहीत. दोन्ही याद्यांची बेरीज गावाच्या एकूण गटांशी जुळत नाही. जँगो बूलियन रकाना कोरा राहू देत नाही, तशी मुभा मुद्दाम द्यावी लागते. रेल्समध्ये उलट : बंदी आपण घातली नाही, तर रकाना कोरा राहू शकतो.

वेबवरच्या फॉर्मने यात भरच पडते. टिक न केलेला चौकोन ब्राउझर सर्व्हरकडे पाठवतच नाही. म्हणून रेल्स त्या चौकोनाआधी ० चा एक लपलेला घटक ठेवतं, तर जँगो ‘आलं नाही म्हणजे नाही’ असं धरतं. दोन्हीकडे, ज्याने प्रश्न वाचलाच नाही त्याच्या नावावरही ‘नाही’ लागतं. पेऱ्यासारख्या प्रश्नाला हे चालणार नाही. तिथे चौकोन न देता ‘पेरा आहे’, ‘पड आहे’, ‘नोंद बाकी’ असे तीन स्पष्ट पर्याय द्यावेत आणि रकानाही तीन किमतींचाच करावा. ‘मोबाइलवर संदेश हवा का?’ अशा प्रश्नाला मात्र साधा बूलियन पुरतो. तो कोरा राहू देऊ नये आणि सुरुवातीची किंमत ‘नाही’ ठेवावी.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये असा रकाना असेल, तर हा अंक ठेवण्याआधी एक क्वेरी चालवा : त्या रकान्यात नेमक्या किती वेगवेगळ्या किमती आहेत? दोनपेक्षा जास्त निघाल्या, तर त्या कुठून आल्या ते शोधा. पुढच्या आठवड्यात देवनागरी मजकूर डेटाबेसमध्ये कसा साठवतात ते पाहू.