मेरुरज्जूची इजा आणि ‘बरे होणे’ या शब्दाचा अर्थ

पाठीच्या कण्यातील मेरुरज्जूला इजा झालेला रुग्ण ‘बरा झाला’ असे केव्हा म्हणावे? नवी मुंबईत राहणाऱ्यांना हा प्रश्न परका नाही. उंचावरून पडणे व रस्त्यावरील अपघात ही या इजेची आपल्या देशातील प्रमुख कारणे होत. आणि येथे एकीकडे उंच इमारतींची बांधकामे चालू आहेत, तर दुसरीकडे शीव-पनवेल महामार्ग अहोरात्र वाहतो आहे.

हातापायांतील तुटलेले मज्जातंतू संथपणे का होईना, पुन्हा वाढतात. मेरुरज्जूतील तंतूंचे तसे होत नाही. इजेच्या जागी बनणारी व्रणवस्तू आणि तंतूंच्या वेष्टनातील काही प्रथिने त्यांची वाढ रोखून धरतात. हा अडथळा दूर करण्याकडे संशोधकांचे लक्ष लागलेले असते, आणि ते योग्यच आहे. तथापि पहिल्या महायुद्धातील असे बहुसंख्य जखमी सैनिक दगावले ते शय्याव्रणांमुळे आणि मूत्रमार्गातील जंतुसंसर्गामुळे. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे १९४४ साली लुडविग गुटमान यांनी रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवण्याचा दंडक घातला. उपाय किती साधा! पण संवेदना हरपलेल्या त्वचेला दाबाची सूचना मिळत नाही, हे त्यामागील शास्त्र होते.

सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली पंगू झाले. उपचार म्हणून पोहणे सुरू केलेल्या या सैनिकाने १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिक स्पर्धेत ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. त्याच वर्षी अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडीस यांनी असे मांडले की, रुग्णाने स्वतःच ठराविक वेळी स्वच्छ नळीने मूत्राशय रिकामे करावे. नळी पूर्णतः निर्जंतुक असणे अनिवार्य नाही. मूत्राशय ताणले गेले की त्याच्या भिंतीचा रक्तपुरवठा घटतो आणि जंतूंना वाव मिळतो, हा त्यांचा युक्तिवाद. पदकाचा गौरव झाला. नळीची वार्ता वैद्यांपुरती राहिली. मूत्रपिंडे मात्र तिने वाचवली.

किम अँडरसन यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत रुग्णांनाच विचारले होते की, प्रथम काय परत मिळावे. चारही अवयव लुळे पडलेल्यांपैकी सर्वाधिक जणांनी हातांची शक्ती मागितली, तर केवळ पाय गेलेल्यांपैकी सर्वाधिक जणांनी लैंगिक क्षमता. मलमूत्रावरील ताबा दोन्ही गटांना महत्त्वाचा वाटला. चालणे कोणत्याच गटात अग्रस्थानी नव्हते. प्रबंधाचा विषय निवडणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. दर काही तासांनी नळी वापरणाऱ्याची चाकाची खुर्ची त्याच्या घरातील शौचालयाच्या दारातून आत जाते काय, हे मोजण्यास फूटपट्टी पुरते.