बाग करा, पण काठ सोडा

पंढरपूरला गेलात तर दर्शनानंतर यमाई तलावावर चक्कर मारा. वनविभागाचं तुळशी वृंदावन तिथेच आहे, फोटो मस्त येतात. पण आज बोलायचंय ते तळ्याच्या काठाबद्दल.

बाग म्हटलं की आपल्याला हिरवळ, पेव्हर ब्लॉक आणि दिवे हवे असतात. पक्ष्यांना नेमकं उलटं लागतं. टिटवी झाडावर घरटं बांधतच नाही. साधारण मार्च ते ऑगस्टमध्ये उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते. ती इतकी दगडासारखी दिसतात की जेसीबीवाल्याला दोष देऊन उपयोग नाही. सुगरण पाण्यावर झुकलेल्या बाभळीला खोपे लटकवते, आणि आपण काटे आहेत म्हणून तीच आधी तोडतो!

मग बागच नको का? हवी की! मुंबईत माहीमचं निसर्ग उद्यान तर कचऱ्याच्या डेपोवर उभं राहिलं. सुमारे ३७ एकर, आणि आज तिथे दाट झाडी आहे.

तुमच्या गावात तळ्याकाठी बाग होणार असेल, तर आधी नकाशा बघा. चालायचा रस्ता एकाच बाजूने आहे आणि समोरचा काठ चिखल-बाभळीसकट सोडलाय, तर निम्मं काम झालं. नसेल, तर नगरपरिषदेत अर्ज द्या: सपाटीकरण सप्टेंबरनंतर करा, दिव्यांचा झोत पाण्यावर नको. आणि हो, अर्जाची पोच घ्यायला विसरू नका.